गर्दीत, गेटवर, वळणावर: हळू चालताना मध्येच बंद पडणारी गाडी

"हायवेला ऐंशी-शंभरला काही त्रास नाही. गोवावेसच्या गर्दीत आली की बंद. आणि मेस्त्रीकडे नेली की तासभर इंजिन चालू ठेवून आयडलिंगला उभी, काहीच होत नाही." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गॅरेजला विचारा, ही तक्रार ओळखीची आहे. मराठी माणूस 'ऑफ होते' म्हणतो, कन्नड माणूस 'ऑफ आगतैती' म्हणतो, दोष एकच. या दोषावर पैसेही भरपूर वाया जातात. गॅरेजमध्ये दोष दिसत नाही, मग अंदाजाने आधी प्लग, मग कॉइल, मग फ्युएल पंप असं बदलत जायचं, आणि महिन्याने गाडी पुन्हा त्याच रेल्वे गेटवर बंद.

पार्टला हात लावायच्या आधी बंद पडायचा क्षण पकडायचा, हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा. तो क्षण नीट पाहिला तर निम्मी तपासणी तिथेच होते.

हळू चालतानाच का?

पाय एक्सलेटरवरून काढला की थ्रॉटलची चकती, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ मिटते. कडेच्या केसाएवढ्या फटीतून, किंवा आयडल व्हॉल्वच्या बारीक वाटेने, जेवढी हवा आत जाते तेवढ्यावर इंजिन ७०० ते ८५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) जिवंत असतं. त्यावर एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटरचा फॅन, हेडलाइट, पॉवर स्टीयरिंग असा बोजा पडतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, तेवढ्यापुरती हवा वाढवून इंजिन सावरतो. ही सावरायची जागा कमी झाली की आरपीएम ५०० च्या खाली जातो आणि इंजिन मरतं. हायवेला थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा असतो, त्या केसाएवढ्या फटीतल्या कार्बनला तिथे काही किंमत नसते. म्हणून 'हायवेला ठीक, गर्दीत बंद' असं असेल तर पहिला संशय हवेवर घ्यायचा. मात्र गाडी तापल्यावर बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं सुरूच होत नाही, अशी तक्रार असेल तर तो रस्ता वेगळा आहे. तो पुढे येतो.

एक गोष्ट आधीच बघून घ्या. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सिग्नलला थांबलं की इंजिन स्वतःहून बंद करणारी सोय असते. मीटरवर बाण असलेलं 'ए'चं चिन्ह पेटतं आणि क्लच दाबला की इंजिन परत सुरू होतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्याला हे ठाऊक नसतं. डॅशबोर्डवरचं बटण दाबून ती सोय बंद करा, मग दोष आहे का ते ठरवा.

बंद पडताना काय बघायचं

गाडीत एक वही ठेवा, किंवा मोबाइलवर बोलून ठेवा. इंजिन गार होतं की तापलेलं? पेट्रोल किती होतं, नुकतंच भरलं होतं का? एसी चालू होता का? ब्रेक दाबताना, स्टीयरिंग पूर्ण वळवताना, की क्लच दाबून गाडी नुसती घरंगळताना? पाऊस होता का? लगेच सुरू झाली, एक्सलेटर दाबून सुरू झाली, की थांबावं लागलं?

यापेक्षाही महत्त्वाच्या दोन खुणा मीटरवर असतात.

पहिली खूण आरपीएमचा काटा. गाडी गिअरमध्ये घरंगळते आहे, म्हणजे इंजिन अजून फिरतंय, आणि तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर ईसीयूला इंजिन फिरत असल्याचा सिग्नलच मिळत नाहीये. क्रँक सेन्सर (हा सिग्नल देणारा), त्याची वायर किंवा इग्निशनचा पुरवठा यांच्याकडे वळा. काटा थरथरत, ७००, ६००, ५०० करत खाली गेला तर हवा किंवा इंधन.

दुसरी खूण दिवे. इंजिन मेलं पण बॅटरी, ऑइल, चेक इंजिन हे दिवे नेहमीसारखे पेटले, तर मुख्य वीज शाबूत आहे. डॅशबोर्डच काळा झाला, घड्याळ किंवा ट्रिप मीटर शून्यावर गेला, म्युझिक सिस्टिम बंद होऊन परत लागली, तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) किंवा चावीचा स्विच. तिथे थ्रॉटल साफ करून काही होणार नाही.

चाचणीसाठी रस्ताही तसाच निवडा. गॅरेजच्या आवारात उभ्या गाडीवर हा दोष सहसा येत नाही. इंजिन तापेपर्यंत हायवेला दहा-पंधरा किलोमीटर चालवा. मग एसी आणि हेडलाइट लावून दुपारच्या गर्दीत खडेबाजार, कपिलेश्वर, टिळकवाडीच्या रेल्वे गेटांची बाजू असं फिरवा. दर थांब्याला क्लच दाबून आरपीएम सावकाश खाली येऊ द्या. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारा) हजार रुपयांच्या आत मिळतो. तो लावून शेजारच्या माणसाला आकडे बघायला, रेकॉर्ड करायला बसवा. चालवणाऱ्याने मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही.

आधी बॅटरी आणि अर्थ, कारण खर्च शून्य

इंजिन बंद करून रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. आता हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेचं हीटर असेल तर तेही, सगळं लावा आणि आयडलिंगलाच व्होल्टेज बघा. ते १३ च्या खाली घसरत असेल तर आल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट आधी. काही गाड्यांत ईसीयू स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून बोजा टाकूनच आकडा बघायचा.

अर्थ तपासताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नको, खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. सगळा बोजा चालू असताना ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसावेत. जास्त आले तर अर्थची पट्टी गंजली आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर ओल्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत इंजिनपासून बॉडीला जाणारी पट्टी वरून धड दिसते आणि बोल्टखाली हिरवी-पांढरी झालेली असते. बोल्ट सोडा, वायर ब्रशने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल हाताने फिरत असेल तर आवळलेलं नाही असं समजा.

चावीला घरची, दुकानाची, मळ्यातल्या पंपाची अशा सगळ्या किल्ल्या अडकवायची सवय असते. त्या वजनाने जुन्या गाडीच्या इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट सैल होतात आणि खड्ड्यात क्षणभर पुरवठा तुटतो. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, चावी 'ऑन'वरच असताना हलकेच वर-खाली हलवा. इंजिन दचकलं की दोष सापडला.

थ्रॉटल बॉडी: बहुतेकांचा दोष इथेच निघतो

क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या भागातली) तेलकट वाफ ती नेणाऱ्या पीसीव्हीच्या पाइपातून इनटेककडे, म्हणजे हवा आत यायच्या वाटेकडे, येते आणि थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला काळा, चिकट थर धरते. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चालणं, खानापूरकडची तांबडी माती, निपाणी-चिकोडीकडचे कच्चे रस्ते हे सगळं आलंच. फिल्टर सैल बसला असेल किंवा स्वस्तातला असेल तर धूळ त्या तेलकट थरावर बसून घट्ट होते. फट कमी, हवा कमी. ईसीयू आयडल व्हॉल्व किंवा मोटर जास्त उघडून भरपाई करत राहतो, म्हणून महिनोन् महिने काहीच जाणवत नाही. भरपाई संपली की एके दिवशी एसीचा कॉम्प्रेसर लागतो आणि इंजिन मरतं. दोष 'अचानक' आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. एअर फिल्टर घाण झाला म्हणून गाडी आयडलिंगला बंद पडत नाही. आयडलिंगला हवा इतकी थोडी लागते की बऱ्यापैकी तुंबलेल्या फिल्टरमधूनही ती जाते. फिल्टर जरूर बदला, धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा, पण त्याने हा दोष जाईल अशी आशा धरू नका.

साफ करायची रीत अशी. इंजिन गार असू दे, चावी काढलेली. फिल्टरकडून थ्रॉटलला येणाऱ्या रबरी पाइपाचे क्लॅम्प सैल करा. कुठला पाइप कुठे होता याचा फोटो आधी काढून ठेवा. मऊ सुती कापडावर थ्रॉटल बॉडी क्लीनर मारून चकतीची कड आणि तिच्यासमोरची भिंत दोन्ही बाजूंनी पुसा. पाव डबासुद्धा लागत नाही. स्प्रे थेट आत ओतू नका, तो शाफ्टमधून सेन्सरमध्ये उतरतो. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश अजिबात नको, काही चकत्यांवर कारखान्यातूनच पातळ लेप दिलेला असतो.

केबलचा थ्रॉटल असेल तर चकती हाताने उघडून मागून पुसता येते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बोटाने जोर लावून उघडू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. आणि चावी चालू असताना बोट आत घालायचंच नाही, मोटर अचानक चकती मिटवते.

जुन्या केबलच्या गाड्यांत बाजूला आयडल व्हॉल्व असतो, दोन-तीन स्क्रूंवर बसवलेला. तो काढून टोकाची सुई आणि तिची वाट पुसा. सुई जोराने आत ढकलू नका. परत बसवताना ओ-रिंग किंवा गॅस्केट नवीन टाका. जुनं चपटं झालेलं असतं, तिथून हवा ओढली की एक दोष काढून दुसरा घातला असं होतं.

साफ केल्यावर बहुतेक लोक एक पायरी गाळतात. ईसीयूने घाणेरड्या थ्रॉटलचा हिशेब शिकून ठेवलेला असतो. आता वाट मोकळी झाली, त्यामुळे आयडलिंग १,२००-१,५०० ला अडकतं किंवा वर-खाली होतं. स्कॅनरमधून 'आयडल लर्न' किंवा 'थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन' करून घ्या. ती सोय नसेल तर सगळे बोजे बंद ठेवून रेडिएटर फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन तापवा, आणखी दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं. काही गाड्यांत चावी आणि पेडलची ठरावीक पद्धत असते, ती त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच करायची. बॅटरी काढून लावल्यानेही काही गाड्यांत हा शिकलेला हिशेब पुसला जातो. नवीन बॅटरी टाकल्यापासूनच गाडी बंद पडायला लागली असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी हे करून बघा.

चोरून येणारी हवा, आणि बेळगावची उंची

फुटलेले व्हॅक्यूम पाइप, कडक झालेला पीसीव्ही पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग, इथून न मोजलेली हवा आत येते. उसाच्या शिवारालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, ते टॉर्च घेऊन खालपर्यंत बघावं लागतं.

ही गळती सगळ्या गाड्यांत सारखी वागत नाही. ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, तिथे चोरीची हवा मोजली जात नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळून मरतं. स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बेरीज आयडलिंगला +१५ टक्के आणि २,५०० आरपीएमला +३ वर आली, तर गळती जवळजवळ नक्की. उलट आयडलिंगला ठीक आणि बोजावर ट्रिम वाढत गेला तर इंधन कमी पडतंय. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मात्र एमएपी सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. त्यात गळती झाली की तो दाब वाढलेला दिसतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि आयडलिंग उलट चढतं. तेव्हा एमएपीच्या गाडीत आयडलिंग उंच राहून मध्येच कोसळत असेल तर गळती शोधा, नुसतंच खाली जात असेल तर कार्बन.

आकडे वाचताना आपण कुठे उभे आहोत ते विसरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इंजिन बंद, चावी चालू, अशा वेळी एमएपी सेन्सर बाहेरचा दाब दाखवतो. पणजीत तो १०० ते १०१ किलोपास्कल असेल, बेळगावात ९२-९३. अथणीच्या बाजूला उंची कमी, तिथे एक-दोन जास्त. बेळगावात सेन्सर १०० दाखवत असेल, किंवा ८५, तर सेन्सरच चुकतोय. इंजिन तापून आयडलिंगला, एसी बंद, साधारण २८ ते ३८ किलोपास्कल दिसावेत.

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. पुस्तकात १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरा, म्हणजे बेळगावात साडेपंधरा ते साडेअठरा इंच निरोगी. '१६ इंचच आहे, व्हॉल्व गळतायत' असं म्हणून चांगल्या इंजिनाचं हेड उतरवू नका.

गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर मारायची पद्धत सर्रास आहे. ती करू नका, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तो पेट घेतो. साध्या फवाऱ्याने सांध्यांवर थोडं थोडं पाणी मारा, कॉइल आणि कनेक्टर सोडून. आरपीएम बदलला की जागा सापडली. पाइप एकेक करून पकडीने, मध्ये कापड धरून, हलका दाबायचा. ज्या पाइपाला दाबल्यावर आयडलिंग सुधारतं, त्याच्या पलीकडे गळती आहे. गॅरेजमध्ये स्मोक मशीन असेल तर उत्तमच.

ब्रेक दाबतानाच बंद पडत असेल तर ब्रेक बूस्टर बघा, कारण तोही मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग आयडलिंगला पेडल दाबून धरा. पायापाशी फुस्स असा आवाज आणि आरपीएममध्ये फरक, म्हणजे आतला पडदा फाटला आहे. हा दोष गाडी बंद पाडतोच, शिवाय ब्रेकही कमी करतो. तो उद्यावर टाकू नये.

पंपावरून निघाली आणि शंभर मीटरवर बंद

पेट्रोल भरल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत बंद पडते, सुरू करायला एक्सलेटर दाबावा लागतो, पेट्रोलचा वास येतो, मग दिवसभर ठीक. असं असेल तर 'पेट्रोलमध्ये भेसळ' म्हणायच्या आधी पर्ज व्हॉल्व तपासा. टाकीतली वाफ चारकोलच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व ती योग्य वेळी इंजिनात सोडतो. तो उघडा अडकला की टाकी भरताना साठलेली सगळी वाफ आयडलिंगला आत येते आणि मिश्रण जाड होतं. फक्त आयडलिंगला ट्रिम बराच उणे दिसतो.

कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्ववरून काढा, गार इंजिन आयडलिंगला ठेवा, बोट लावा. ओढ लागता कामा नये. व्हॉल्व काढून कनेक्टर नसताना फुंकून बघा, हवा पार गेली तर व्हॉल्व गेला. नोझल कट झाल्यावरही काठोकाठ पेट्रोल भरायची सवय मोडा. द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरलं की आतला चारकोल खराब होतो.

तापल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू

चोर्ल्याचा घाट चढून आली, जांबोटीत चहाला थांबली, परत निघताना पहिल्या वळणावर बंद, पंधरा मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू. इथे क्रँक सेन्सर पहिला. चुंबकाच्या सेन्सरमधलं वेटोळं तापल्यावर आतून तुटतं, गार झालं की जुळतं. स्कॅनरवर दोषाचा कोड पडेलच असं नाही. पडला तर पी०३३५.

नक्की करायचं तर ते बंद अवस्थेतच होतं. स्कॅनर लावून सेल्फ मारा. इंजिन फिरताना १५० ते २५० आरपीएम दिसला पाहिजे. इंजिन फिरतंय आणि स्कॅनरवर शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. गॅरेजमध्ये घडवून आणायचं असेल तर आयडलिंगला ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सर तापवा. इंजिन मेलं तर प्रश्न मिटला. दोन तारांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गार आणि गरम असा दोनदा मोजा, गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर बदला. तीन तारांचा हॉल सेन्सर ओहममध्ये मोजायचा नसतो, त्याला पुरवठा आणि सिग्नल बघायचा. काढल्यावर टोकाला लोखंडी बुकटी चिकटलेली असते, ती पुसा. गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइल गळत असेल तर कनेक्टरमध्ये शिरलेलं ऑइलही काढा.

हीच लक्षणं फ्युएल पंप, त्याचा रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि इग्निशन कॉइल देतात. बंद पडल्यावर चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज येतो. आला नाही तर फ्यूजबॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. रस्त्यावर उभ्या उभ्या करण्याजोगी ही तपासणी आहे. पंपाला आवाज आहे पण गाडी सुरू नाही, तर प्रेशर गेज. पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार, नेमका आकडा मॅन्युअलचा. इंजिन बंद केल्याबरोबर प्रेशर शून्यावर येत असेल तर पंपातला एकदिशा व्हॉल्व, रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतोय. काटा लालमध्ये ठेवून कायम गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला गार ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं.

पावसात बंद पडत असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, प्लग वायरी आणि कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा उडवा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे, साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर.

पेट्रोलमधलं पाणी

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या साखरपट्ट्यात ते कुठून येतं हे सांगायला नको. इथेनॉल पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. जुन्या टाकीतला गंज आणि चिकटाही त्याने सुटून फिल्टरमध्ये जातो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या, बहुधा या पेट्रोलसाठी न बनवलेल्या गाडीत रबरी पाइप फुगलेत का, चिरलेत का, हेही बघा. तपासणी सोपी: इंजिन गार असताना, उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून, फ्युएल लाइनमधून अर्धा लिटर काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून साफ करायची, नवीन फिल्टर टाकायचा. दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त होतं.

बाकीच्या गाड्या थोडक्यात

कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८००, ओम्नी अजून खेड्यांत चालतात. त्यांत ईसीयू नाही, कोड नाही. आयडलिंग फक्त चोक ओढल्यावर टिकत असेल तर स्लो जेट तुंबला आहे. तो काढून हवेने फुंका, तार घालू नका, भोक मोठं होतं. आयडल कट सोलेनॉइडला चावी ऑन केल्यावर टिक असा आवाज आला पाहिजे.

डिझेलमध्ये फिल्टरच्या तळाचं पाणी आधी काढा. एक्सलेटर सोडल्यावर लगेच बंद पडत असेल तर कॉमन रेल पंपावरचा (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावरचा) मीटरिंग व्हॉल्व अडकतोय का बघा. तापलेल्या इंजिनला आयडलिंगला रेल प्रेशर बहुधा २५० ते ३५० बारच्या दरम्यान स्थिर असतं, हेलकावे खाऊ नये. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावा, एकीत जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर. ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) उघडा अडकला तर काळा धूर आणि आयडलिंगला धडधड, दोन्ही येतं.

सीएनजीवर बंद आणि पेट्रोलवर ठीक असेल तर लो प्रेशर फिल्टर आणि रेग्युलेटर, हे किट बसवणाऱ्याचं काम. दोन्हीवर बंद असेल तर किटला दोष देऊ नका.

हायवेवरून उतरून गावात शिरताना, पहिल्या थांब्यालाच बंद पडते, आणि इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व उघडायची वेळ बदलणारी सोय) आहे? ऑइलची पातळी आणि दर्जा बघा. गाळ झालेल्या ऑइलने कंट्रोल व्हॉल्व अडकतो, कॅम पुढे सरकलेलाच राहतो आणि आयडलिंग टिकत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये थांबताना झटका बसून इंजिन मरत असेल तर लॉकअप क्लच सुटत नाहीये. तिथे गिअरबॉक्सवाल्याकडेच जावं लागतं.

चालू रस्त्यात बंद पडली तर

इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो आणि स्टीयरिंग जड होतं. घाटात पेडल पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. चारही इंडिकेटर लावा, गाडी डावीकडे घ्या, चावी पूर्ण काढू नका, नाहीतर स्टीयरिंग लॉक होईल. दोष निघेपर्यंत चोर्ला, वंटमुरी, तवंदी हे घाट आणि रेल्वे गेट टाळता आले तर टाळा. गेटच्या पलीकडे गाडीला पुरेल एवढी मोकळी जागा दिसल्याशिवाय रुळांवर गाडी घालू नका. रुळांवर बंद पडली आणि लगेच सुरू झाली नाही, तर आधी माणसं उतरवा, मग गेटमनला सांगा, मग गाडीचं बघा.

मेस्त्रीकडे जाताना वहीतल्या नोंदी घेऊन जा. 'तापल्यावर, एसी चालू, क्लच दाबल्यावर, काटा सावकाश खाली, लगेच सुरू' एवढं सांगितलं तरी चांगला मेस्त्री सरळ थ्रॉटलकडे वळतो. 'काटा एकदम शून्य, वीस मिनिटं बंद' म्हटलं की तो क्रँक सेन्सरचा कनेक्टर शोधतो. एका वेळी एकच पार्ट बदलायला सांगा आणि जुना पार्ट परत मागून घ्या. दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती तीच मुद्दाम घडवा: तेच तापमान, तोच बोजा, तोच रस्ता, एकदा टाकी भरून आणि एकदा पाव टाकीवर. वहीतल्या नोंदींप्रमाणे दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर किमान तीन आठवडे तो आला नाही हे बघितल्यावरच वही गाडीतून काढा.